दातानं तोडलेली काडी

मुलांनी कुठून तरी उतरवून आणलेलं मला लांबूनच ओळखू येतं. तीस वर्षं राहुरीत अकरावी-बारावीला मराठी शिकवते आहे, नाक तयार झालंय. गेल्याच्या गेल्या वर्षी एका मुलीनं मोबाईलवरून निबंध उतरवला होता. तिला वर्गात उभं केलं आणि विचारलं, हे कोणाचं? ती म्हणाली, माझंच, मॅडम. मी म्हटलं, बाळ, तुझं असतं तर त्यात एक तरी चूक असती. वर्ग खो खो हसला. ती मुलगी खाली बसली आणि तासभर वहीवर मान घालून राहिली. मला त्या वाक्याचं बरेच दिवस कौतुक वाटत होतं. स्टाफरूममध्येही मी ते दोनदा सांगितलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचंय त्यात मी कोणाला नावं ठेवण्याच्या जागेवर नाही.

आमचं घर गावाबाहेर, पाटाच्या कडेला आहे. शेजारी डाळिंबाची बाग, पलीकडं ऊस. बागेला एक राखणदार होते, सत्तरीचे, काटकुळे, एका गुडघ्यात दुखणारे. तोंडावर मी त्यांना बाबा म्हणायची. मनात मात्र ते माझ्यासाठी 'बागेवरचा म्हातारा' एवढेच होते. हेही सांगायला हवं.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी बागेच्या मालकांचं वासरू गायब झालं. ऊस जवळ असला की आमच्याकडं जे काही नाहीसं होतं ते बिबट्यानं नेलेलं असतं. लोक काठ्या घेऊन जमले, कोणी वनखात्याला फोन लावला. बाबांनी सगळ्यांना आधी रस्त्यावरून बाजूला घेतलं. मग वाकून वाकून फुफाट्यात बघत गेले. एका जागी थांबले आणि घमेलं मागवून त्या खुणेवर पालथं घातलं. मी कुंपणाशी उभी होते. विचारलं, हे कशाला? म्हणाले, वाऱ्यानं आणि तुमच्यासारख्यांच्या चपलांनी जाऊ नये म्हणून.

बिबट्याची नखं चालताना आत असतात, ठशात उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात, हे त्यांनी त्या गर्दीला शांतपणे समजावलं. इथं दोन्ही नव्हतं. होती ती वासराची खुरं आणि शेजारी एका माणसाच्या टायरच्या चपला. वासराचे पुढचे पाय जमिनीत रुतत गेले होते, म्हणजे ते मागं ओढ घेत होतं. बाबांनी कडब्याची एक काडी घेतली, खुराच्या ठशावर आडवी धरली, अंगठ्याच्या नखानं खूण केली आणि तिथं दातानं कचकन तोडली. ती काडी टोपीच्या घडीत खोचून ते निघाले. पुढं चार जनावरांच्या खुरांची सरमिसळ झाली तिथं काडी काढून एकेक ठसा मापला. दुपारपर्यंत वासरू पाटापलीकडच्या एका गोठ्यात सापडलं.

मी त्यांच्यामागून चालत होते. एकदा चुकून ठशांवर पाय पडला तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"मागावर पाय द्यायचा न्हाई, बाई. मागाच्या कडंनं चालायचं."

मी शब्दांच्या मागं लागलेली बाई. कोणत्या शब्दाचं मूळ कुठं, हे सांगायचा मला नाद आहे, मुलं त्याला कंटाळतात. या एका वाक्यानं मी गडबडूनच गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर रविवारी सकाळी बाबा आमच्या ओट्यावर यायचे, मी चहा करायची आणि वही घेऊन बसायची. ते सांगायचे, मी लिहायची.

माग शिवेपर्यंत आणून द्यायचा, ही त्यांच्या वडिलांच्या काळातली रीत. चोरीच्या जनावराचा माग आपल्या गावातून निघाला आणि दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला, की आपल्या माणसानं मापाची काडी त्या गावच्या माणसाच्या हातात द्यायची. मग तो माग त्यांचा. त्यांनी पुढं नेऊन दाखवायचा, नाहीतर जनावर भरून द्यायचं. ज्याच्या दारात माग संपला त्यानं बोलायचं, अशी ती पद्धत. आणि गंमत अशी, की गावानं ज्यांना राखणीला ठेवलं होतं त्यांच्यावरच गावाचा पहिला संशय असायचा. बाबांच्या घराण्यानं दोन्ही सोसलं होतं. चोर धरायचे आणि चोर म्हणून आधी धरले जायचे.

एकदा मी त्यांना विचारलं, माग म्हणजे वाटच ना? ते म्हणाले, वाट नंतर. आधी जनावर जातं, त्याच्या पायांचा माग पडतो, त्यावरून माणूस जातो, मग ती वाट होते. मी घरात जाऊन कोश उघडला. संस्कृतात मृग म्हणजे जनावर. शोधणं, पारध करणं या अर्थाचा धातूही त्याच कुळातला. त्यावरून मार्ग, म्हणजे जनावर गेल्याची खूण आणि नंतर रस्ता. प्राकृतात मग्ग, मराठीत माग. मागोवा त्याच घरातला. मागणंसुद्धा, आधी त्याचा अर्थ शोधणं असा होता, हात पसरणं नंतर आलं. विद्वानांना पोथ्या चाळून जे मिळालं ते या माणसाला फुफाट्यात मिळालं होतं. माझ्या अंगावर काटा आला. काटा खरा होता, म्हणून पुढचं जास्त लागतं.

गेल्या पावसाळ्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'मागोवा' या शब्दावर लेख मागितला. नुसता कोश नको, घरातलं काहीतरी घाला, वाचकांना ओलावा लागतो, असं ते म्हणाले. मी लिहायला बसले. व्युत्पत्ती लिहिली, तिच्याखाली तळटिपा दिल्या. कोणत्या विद्वानानं काय म्हटलंय ते नावानिशी, अगदी काटेकोर. मग बाबांच्या गोष्टीपाशी आले. 'आमच्या शेजारच्या बागेचे राखणदार सांगतात' असं लिहिलं. वाचून पाहिलं. मला ते हलकं वाटलं. अंकात माझ्या पुढंमागं मोठमोठी माणसं, कोणाचे आजोबा कीर्तनकार, कोणाचे वडील वैद्य, आणि मी डाळिंबाच्या राखणदाराचे दाखले देतेय. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'माझे वडील सांगत.' मी चोरी केली.

माझे वडील साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या येत, ते वजन लिहीत. गाय कोणत्या बाजूनं दूध देते एवढंच त्यांना ठाऊक असावं. फार साधे, फार सरळ होते, आणि लेखात घालण्यासारखं त्यांच्याकडं काही नाही असं मला नेहमी वाटत आलं. मेलेल्या वडिलांना मी दुसऱ्याच्या बापाचे कपडे चढवले. लेखात ते घमेलं पालथं घालत होते, मागाच्या कडेनं चालत होते, काडी दातानं तोडत होते. काडी दातानंच का, हे मी बाबांना कधी विचारलं नव्हतं. लेखात कारण हवं, म्हणून एक ठोकून दिलं: 'हातानं मोडली की माप ढळतं, असं वडील म्हणत.' वाक्य छान उतरलं होतं.

लेख गाजला. ओळखीच्यांचे फोन आले. तुमचे वडील काय माणूस होता हो, असं एक बाई म्हणाल्या आणि मी 'होते खरे' म्हणाले. दिवाळीत बागेच्या मालकांकडं फराळाचं ताट पाठवलं, त्यावर मोठ्या हौसेनं अंकही ठेवला. बाबांना वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. त्यांची सून मालकांच्या घरी कामाला आहे आणि तिला वाचायची आवड आहे, हे मला माहीत नव्हतं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी बाबा आले. रविवार नव्हता. धुतलेला सदरा, हातात तो अंक. त्यांना दारात बघून मी हातातलं काम तिथंच टाकलं. वाटलं, आता हा माणूस चारचौघांत विचारणार. पण त्यांचा चेहरा उजळला होता. इतकी वर्षं मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सुनेनं काल सगळा लेख वाचून दाखवला, दोनदा, असं त्यांनी सांगितलं. मग ओट्यावर बसले आणि विचारलं, तुमचे वडील हे कोणाकडून शिकले?

मी म्हटलं, कशासाठी हो बाबा?

मग त्यांनी जे सांगितलं ते वर्षभराच्या रविवारांत एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांना एक थोरला भाऊ होता. दोघं बापाकडूनच माग काढायला शिकलेले, भाऊ त्यांच्यापेक्षा हुशार. गावात एकदा बैलजोडी चोरीला गेली. भावानं माग काढला आणि तो गावातल्याच एका बड्या माणसाच्या गोठ्याशी येऊन थांबला. त्यानं तसं सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही. उलट चोरी यानंच केली आणि माग खोटा दाखवला म्हणून त्याला चावडीपुढं मारलं. त्या हंगामात तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

"माग खरा हुता, बाई," बाबा म्हणाले. "पन दार मोठं हुतं."

त्यांनी भावाला जमेल तिथं शोधलं. टोळ्यांत, कारखान्यांवर, बाजारांत. जगाच्या जनावरांचा माग काढला, भावाचा निघाला नाही. आणि काल सून वाचत होती, काडी दातानं तोडणारा एक माणूस. दातानं काडी तोडायची सवय त्यांच्या घराबाहेर कोणाला नव्हती. म्हणजे तुमचे वडील माझ्या भावाला भेटले असणार, त्याच्या हाताखाली शिकले असणार. कुठं भेटले तेवढं सांगा.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण समोर तो अंक, त्यावर माझं नाव, आतून माझी मुलगी विचारत होती कोण आलंय म्हणून. मला माझी लाज वाचवायची होती. मी म्हटलं, वडील काही वर्षं नेवाशाकडं कामाला होते, तिथलं कोणी असेल. आता आठवत नाही.

वडील नेवाशाला कधी राहिले नव्हते. डोळ्यांपुढं एसटीची पाटी येते तसं ते गाव माझ्या तोंडात आलं, इतकंच.

बाबा दुसऱ्या दिवशी नेवाशाला गेले. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस, गुडघा दुखतोय, म्हणून राहून जाईल. ते चार दिवस आले नाहीत. बागेच्या मालकांनी चौकशी केली तेव्हा सून म्हणाली, मामंजी नेवाशाकडं गेलेत, मोठ्या मामंजींचा माग लागलाय. तिनं हे मला कुंपणापलीकडून आनंदानं सांगितलं, वर म्हणाली, तुमचे लई उपकार झाले. मी आत आले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा. जेवण गेलं नाही. आपण किती हलकट आहोत हे माणसाला कळतं तेव्हा त्याचं काही भव्य दुःख होत नाही; माणूस भांडी घासत राहतो. फोन करून परत बोलवावं तर त्यांच्याकडं फोन नव्हता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. सुनेला खरं सांगून तिच्या नवऱ्याला पाठवता आलं असतं. मी ते केलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते परतले. सहाव्या दिवशी सकाळी माझ्याकडं आले. गुडघा सुजून भोपळा झाला होता. प्रवरेकाठची गावं पायी फिरले होते, देवळात झोपले होते, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हाताऱ्या दलालांना विचारलं होतं, काडी दातानं तोडणारा कोणी माहीत आहे का. लोक हसले होते. मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत. ओट्याच्या पायरीशी उभे राहिले आणि टोपीतून कडब्याची एक काडी काढली.

"हातानं मोडली की माप ढळतं, असं लिवलंय तुमी," ते म्हणाले. "ढळत-बिळत न्हाई, बाई. आमच्या बापाची उजव्या हाताची बोटं गुऱ्हाळाच्या चरकात गेल्ती. एका हातानं काडी मोडत न्हाई, म्हून तो दातानं तोडायचा. आमी दोघं पोरं त्याचं बघून तोडाया लागलो. आमाला धा-धा बोटं हुती, तरी."



मी लिहिलेलं कारण त्यांना पहिल्याच दिवशी खटकलं होतं. पण त्यांनी मनाशी म्हटलं, भावाला लाज वाटली असेल, परक्या मुलखात बापाची तुटकी बोटं कशाला सांगायची, म्हणून त्यानं काहीतरी वेगळं सांगितलं असेल. माझ्या खोट्याला त्यांनी आपल्या भावाची लाज पांघरली होती, आणि तेवढ्या बळावर ते चार दिवस चालले होते. परत येताना एसटीत त्यांना सगळं सरळ दिसलं. दात लावायची सवय दोघांचीच. भावाचा पत्ता नाही. राहिले ते एकटे. रविवारी ओट्यावर बसून त्यांनी ही काडी कोणाच्या हातात दिली होती, तेही त्यांना आठवलं.

त्यांनी मला विचारलं नाही. माझ्याकडं नुसतं बघितलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांना यातलं काही येत नव्हतं, बाबा. सगळं तुमचं आहे. मी त्यांचं नाव घातलं. नेवाशाचंही मी खोटंच सांगितलं. एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. आत मुलगी ऐकत होती, कुंपणापलीकडं मालक पाणी सोडत होते, त्यांनीही ऐकलं असावं. वर्गात मान घालून बसलेली ती मुलगी मला तेव्हा आठवली. माझ्या लेखात चूक होती आणि ती एकच गोष्ट माझी स्वतःची होती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काडी परत टोपीत खोचली. मग म्हणाले, भाऊ जिवंत आहे असं मला सहा दिवस वाटलं.

मी म्हटलं, पुढच्या अंकात खरं छापते, तुमच्या नावानं, तुमच्या भावाच्या नावानं. त्यांनी मान हलवली. नाव नको. तो मार खाऊन गेलेला माणूस, नाव बदलून राहिला असेल, नाव छापलं तर आणखी लांब जाईल. त्याचं नको, माझं नको, चोरी झाली त्या गावाचंही नको.

"नाव बदलतंय मानूस," ते म्हणाले. "खोड बदलत न्हाई. खूण लिवा."

म्हणून इथं कोणाचं नाव नाही. खूण आहे ती अशी: थोरल्याचा वरचा एक दात आडवा होता. त्यामुळं तो काडी तोडायचा तेव्हा तिचं टोक सरळ तुटायचं नाही, मधून चिरायचं, दोन जिभा असल्यासारखं. असा कोणी म्हातारा कुठं गोठ्यात, बाजारात, टोळीच्या पाचटाच्या कोपीवर पाहिला असेल, किंवा त्याचं बघून कोणी पोरगं उगीचच काडीला दात लावत असेल, तर त्याला एवढंच सांगा की धाकट्याच्या गुडघ्यात दुखतं, आणि त्या बैलजोडीचा माग खरा होता हे त्याला माहीत आहे.

आणि माझे वडील काट्यावर कारकून होते. त्यांनी उभ्या जन्मात कोणाच्या उसाचं वजन खोटं लिहिलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वही घेऊन बागेत गेले. ते आता माझ्या ओट्यावर येत नाहीत, म्हणून मीच गेले. डाळिंबाच्या झाडाखाली गोणपाटावर ते बसले होते, पाय लांब करून. मी उभ्यानंच वाचून दाखवलं, पहिल्यापासून.  जिथं मी 'माझ्या हातून चूक झाली' असं लिहिलं होतं तिथं त्यांनी हात आडवा केला, तसाच, पहिल्या दिवशी केला होता तसा.

"चूक म्हंजे पाय घसरतो ती. ह्यो पाय ठिवल्याला हाय."

मी तिथंच उभ्या उभ्या ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, मी चोरी केली. पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, काठी घेतली आणि उठले. बागेला पाणी द्यायची वेळ झाली होती.